टावरचा खांदेपालट

भानुदास आण्णा मोबाइलवर कधी 'हॅलो' म्हणत नाहीत. फोन उचलला की थेट विचारतात, "कुन्या टावरवर हायस?" समोरच्याला ते माहीत नसतं, आणि आण्णांना त्याचा राग येतो. आपण कोणाच्या जिवावर बोलतोय एवढंही माणसाला ठाऊक नसावं, म्हणजे काय?

आण्णा आमच्या गावच्या दूध संस्थेचे सचिव. मी तिथंच दुधाची फॅट मोजतो. म्हणजे मोजायचो. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला, निम्मी जनावरं चारा छावणीत गेली आणि उरलेल्या दुधात मोजण्यासारखं फार काही राहिलं नाही. संस्थेची गाडी मात्र रोज सकाळी रिकामे कॅन वाजवत घाट चढून धारूरला जाते.

त्या घाटात एक वळण आहे. तिथं आमच्या टावरची रेंज संपते, धारूरच्या टावरची सुरू होते आणि चालू फोन हमखास कटतो. बाकीचं गाव दोनदा 'हॅलो' करून गप्प बसतं. आण्णा बसत नाहीत, कारण चार वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, छातीत दुखायला लागलं तेव्हा ते त्यांना याच रस्त्यानं जीपमधून नेत होते. काय करायचं ते डॉक्टर फोनवर सांगत होते. वळणावर फोन कटला. पुन्हा लागेपर्यंत काकू गेल्या होत्या. फोन चालू असता तरी फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आण्णांनी ते ऐकून घेतलं, मानलं नाही.

आता त्यांची एकुलती एक मंदा पहिलटकरीण होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सातवा महिना सरला तरी आण्णा तिला आणायला जाईनात. "आधी वळन नीट हुंदे. अडीनडीला दवाखाना गाठायचा म्हन्लं तर ह्योच रस्ता हाय." मंदा मला फोन करायची. "दादा, आण्णा मला न्यायला कावून येईनात?" मी काय सांगणार? टावर खांदा बदलत नाही म्हणून?

हा शब्दही आण्णांचाच. "तिरडी न्हेताना कसं असतंय," ते मला शिकवत, "दुसरा यिऊन खांदा लावतो, मंग पैला सुटतो. ह्यो फोन जुन्या टावरला लई चिकटून ऱ्हातो बे. नवा शेजारी उभा हाय, तरी सोडंना. शेवटाला जुनाबी जातो आन नवाबी घावत न्हाई. तिरडी खाली." निदान डबा खाताना तरी दुसरा दाखला द्या, असं मी एकदा सुचवून पाहिलं. उपयोग झाला नाही.

मग चाचण्या सुरू झाल्या. आण्णा गाडीतून मला फोन लावून संस्थेच्या सभासदांची यादी वाचत जायचे. ज्या नावावर फोन कटेल तिथं मी फुली मारायची. आण्णा गाडीतून उतरून तिथल्या दगडाला चुना फासायचे. सलग आठ दिवस फुली संतरामच्या नावावर पडली. संतराम संस्थेत येऊन बसला. म्हणाला, "माझं नाव तेवढं यादीतून काढ बे. तिरडी रोज माझ्याच नावावर पडती म्हनून बायकू जेवंना गेली."

एके सकाळी गाडी वळणाजवळ आली असताना आण्णांच्या व्याह्यांचा फोन आला. मंदाला कधी नेताय, हे त्यांना विचारायचं होतं. बोलता बोलता वळण ओलांडलं आणि फोन चालूच राहिला. आण्णांचा आनंद पोटात मावेना. "इवाई, खांदा दिला! आपल्या मंदाच्या नशिबानं खांदा दिला!" एवढं ओरडले, आणि मग फोन कटला.

दोन तासांनी गावात व्याह्यांची जीप आली. बायकांनी वेशीपासूनच गळा काढला होता. व्याह्यांनी आण्णांना संस्थेच्या पायरीवर धडधाकट बसलेलं पाहिलं आणि विचारलं, "मंग गेलं कोन?"

"कोनीच न्हाई," आण्णा म्हणाले. "टावरनं खांदा दिला."

व्याह्यांना ते समजायला वेळ लागला. समजल्यावर ते थंडपणे म्हणाले, "घरात पोटुशी पोरगी, आन तुमी तिच्या नावानं खांदा देता? पोरगी आता आमच्याकडंच बाळंत व्हईल." चहाही न घेता मंडळी परत गेली.

आण्णांनी 'खांदा' हा शब्द सोडून दिला. वळणासाठी टावरच्या कंपनीला चाललेले अर्ज मात्र सोडले नाहीत. शेवटी कंपनीचा एक इंजिनियर आला. चुन्याचे दगड बघून, गाडीतून दोन फेऱ्या मारून म्हणाला, "फोन जुना टॉवर फार उशिरा सोडतोय." आण्णांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्यानं लॅपटॉप उघडला, कुठंतरी फोन लावून दोन आकडे बदलायला सांगितले. त्याच्यासाठी आणलेला चहा गार व्हायच्या आत काम झालं. मला आण्णांकडे बघवेना.

तिसऱ्या दिवशी मंदा बाळंत झाली, मुलगी झाली. तिचा फोन आला तेव्हा मीही गाडीत होतो. आण्णांनी घाईघाईत स्पीकर लावला. "मंदे, वळन नीट झालंय बघ. आता बिनघोर ये. रेंज फुल हाय."

आण्णांनी मला स्क्रीन दाखवली, रेंजच्या काड्या पूर्ण होत्या.

"आण्णा," मंदा म्हणाली, "मला रेंज नको व्हती. तुमी पायजे व्हता."

ड्रायव्हरनं गाडी हळू केली. आण्णांनी फोन दोन्ही हातांत धरला. वळण मागं पडलं, घाट सरला, धारूर दिसायला लागलं. फोन कटला नाही. दोघांपैकी कोणीच बोलत नव्हतं. पलीकडं बाळ रडत होतं, तेवढं अगदी स्वच्छ ऐकू येत होतं.