बशीरमामांचा अर्धा किलो

बशीरमामांनी चौदा वर्षांच्या नोकरीत एकाही बाळाचं खरं वजन मोठ्यानं सांगितलं नाही, आणि त्यांची नोकरी बाळांचं वजन करण्याचीच होती.

आमची आरोग्य संस्था शिरूरहून न्हावऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आसपासच्या गावांत मूल जन्मलं की त्याची नोंद करायची आणि पुढं पाच वर्षं ते कसं वाढतं ते बघायचं, हे संस्थेचं मोठं काम. मी तिथं कारकून, म्हणजे सगळ्यांचा भाऊसाहेब. गावोगाव फिरून आलेल्या वह्या माझ्या टेबलावर यायच्या. त्यांत बशीरमामांची वही सगळ्यांत स्वच्छ. एक खाडाखोड नाही. रोज सकाळी ते भावाच्या किराणा दुकानातलं दोन किलोचं लोखंडी माप काट्याला लटकावून बघत. सुई बरोबर दोनावर आल्याशिवाय लूनाला पायडल मारत नसत.

इतका काटेकोर माणूस, पण काट्यावरचा आकडा त्यांच्या तोंडातून बाहेर पडताना अर्ध्या किलोनं घटलेला असायचा.

याला कारण होतं. सुरुवातीला न्हावऱ्याच्या, इनामगावच्या आज्या मूल काट्याला लावूच देत नसत. तोललेल्या लेकराला दृष्ट लागते, असा समज. मामा काही बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकत नसत. अंगणातल्या लिंबाच्या फांदीला नाहीतर गोठ्याच्या वाशाला काटा अडकवायचा, खाली झोळी बांधायची आणि हाक मारायची, "आक्का, आणा बाळराजांना!" आक्का उंबऱ्यापर्यंत येई आणि जमलेल्या शेजारणी बघून बाळासकट परत आत जाई. असे हात हलवत परतण्याचे बरेच दिवस गेल्यावर एकदा मामांच्या तोंडून सहज कमी आकडा गेला. "अगं बया, एवढंसंच व्हय!" करत शेजारणी पांगल्या. आजीचा चेहरा खुलला. आता कुणाची नजर लागायची सोयच उरली नव्हती. मामांना युक्ती सापडली, आणि गावोगावची दारं उघडली.

मी हरकत घेतली की म्हणायचे, "भाऊसाहेब, तोंडाचं काय घिऊन बसलाय? वहीत बगा की."

वहीत बघितलं तर सगळं चोख. मी वही मिटायचो.

सवय मात्र हाडात मुरली. बाजारात कलिंगड हातात घेऊन मामा गिऱ्हाइकांदेखत "तीन किलो भरंल" म्हणायचे आणि विकणारा त्यांच्या अंगावर धावून यायचा. दौंड स्टेशनवर नाणं टाकलं की वजनाचं तिकीट देणारं यंत्र होतं. एकदा आमच्या हिचं तिकीट त्यांनी वाचून दाखवलं. मोठ्या माणसाला अर्ध्या किलोनं काय फरक पडतो म्हणून सरळ पाच किलो उतरवले. तेव्हापासून ही मामांना सख्खा भाऊ मानते. पुण्याहून आलेल्या डॉक्टर मॅडमचं बाळ मामांनी नर्सबायांच्या गराड्यात तोललं आणि जाहीर केलं, "दोन किलो सहाशे." मॅडम किंचाळल्याच. "अहो, परवा दवाखान्यात तीन किलो शंभर होता!" मामा जवळ सरकून पुटपुटले, "तीन-शंभरच हाय मॅडम. पर हितं बायाबापड्या हायत ना."

सगळी संस्था हसली. सगळ्यांत जास्त मी हसलो. पुढंपुढं तर गावांनाही हे कळून चुकलं. मामांचा आकडा ऐकला की लोक मनातल्या मनात अर्धा किलो मिळवून मोकळे व्हायचे.

मग संस्थेनं खुला दिवस ठेवला. लहानथोर सगळ्यांनी यावं, संस्था बघावी. एका टेबलावर काचेच्या भांड्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या, दुसऱ्यावर पाणी तपासून मिळत होतं, तिसऱ्यावर ब्लडप्रेशर. सर्वांत जास्त गर्दी मामांच्या टेबलावर. तिथं पाटी होती, 'तुमचं जन्माचं वजन जाणून घ्या'. चौदा वर्षांची रजिस्टरं मी मांडून दिली होती. आईचं नाव आणि गाव सांगितलं की मामा पान काढायचे आणि पोराच्या कानात आकडा सांगायचे. कानातच. सवय जाते कुठं? इनामगावच्या जुळ्या बहिणी आपण जड की ही, यावरून तिथंच हमरीतुमरीवर आल्या. एक सत्तरीची आजी नातवाला ढकलून पुढं झाली. "माझं बी बगा की." मामांनी गंभीर चेहऱ्यानं चार पानं चाळली. "आज्जी, दोन किलो." आजी गालांवर हात ठेवून म्हणाली, "एवढुशी व्हते व्हय मी!" आणि खुशीत गेली.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा मला एक बाई दिसली. मघापासून खांबाजवळ उभी होती. सोबतची म्हातारी सासू ब्लडप्रेशर तपासून खुर्चीत बसलेली. बाई टेबलाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मांडवगण फराट्याची मी. हिराबाई."

"पोराचं नाव?"

"ठिवलं न्हवतं. नवव्या दिशी गेलं."

मामांनी मान वर केली. "कवाची गोष्ट, ताई?"

"तुमी नवं नवं येत हुता तवाची. वजन मला म्हाईत हाय. दोन किलो दोनशे. तुमीच सांगितलेलं. फकस्त ल्हिलंय का कुठं, तेवढं बगायचं व्हतं."

मामांनी पहिल्या वर्षाचं रजिस्टर ओढलं. पान सापडलं, तसं त्यांचं बोट त्या ओळीवर थांबलं आणि तिथंच राहिलं. मी वाकून बघितलं. दोन किलो सातशे.

त्या काळात घरी कार्ड द्यायची पद्धत नव्हती. आत बाजेवर पडलेल्या हिराबाईनं अंगणातला आकडा ऐकला होता, तेवढाच तिच्याजवळ राहिला. आणि अडीच किलोच्या खालचं मूल कमजोर, हे तर आमच्याच संस्थेनं गावोगावच्या भिंतींवर हातभर अक्षरांत रंगवलं होतं. तिच्या घरासमोरच्या शाळेच्या भिंतीवरसुद्धा.

"नवरात्राचे उपास धरले व्हते मी," ती सांगत होती. "लेकरासाठीच धरले व्हते. आत्याबाई म्हणत्यात, मेंढीच्या पोटाला नसलं की कोकरू असंच व्हतं. रागानं न्हाई म्हणत. आमची मेंढरं व्हती पयली, त्यांनी लई बघितलंय. खरंच असंल ते."

मामा उठून उभे राहिले. डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. मग सकाळपासून कानातच आकडे सांगणाऱ्या त्या माणसानं पाण्याच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "दोन किलो सातशे! चांगलं भरलेलं लेकरू व्हतं. दोन किलो दोनशे ह्ये मी खोटं सांगितलं व्हतं. बायांची नजर लागू नये म्हणून."

सगळे वळून बघायला लागले. सासूबाई खुर्चीतून उठून आल्या. "मंग गेलं कशानं?"

"तापानं, आक्का. हितं ल्हिलंय. पोटात कमी पडलं म्हणून न्हवं. हिची काय बी चूक न्हवती. माझी हाय."

म्हातारी बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली. वाचता येत नव्हतं तरी बघत राहिली. मग सुनेकडे न बघताच म्हणाली, "मला कुनी सांगितलंच न्हाई की गं." आणि सुनेच्या हातातली पिशवी स्वतःच्या हातात घेतली. "चल. यष्टी यील."

दोघी फाटकापर्यंत गेल्या. तिथून हिराबाई एकटीच परत आली.

"मामा, लांबी बी ल्हित्यात का?"

मामांनी बघितलं. "एकोणपन्नास सेंटीमीटर."

तिला तो आकडा कळेना. तिनं दोन्ही हात पुढं करून हवेत अंतर धरलं. "एवढं?"

"आजून जरा."

तिनं हात थोडे लांब केले.

"हां. एवढं."

ती तसेच हात धरून थोडा वेळ उभी राहिली. मग पदर नीट करून निघून गेली. मला पुढचं काही नीट दिसलं नाही, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

सोमवारी मामांनी माझ्या टेबलावर रजेचा अर्ज ठेवला. सोबत एक यादी. पहिल्या चार वर्षांत, लोकांना त्यांची खोड ठाऊक व्हायच्या आधी, ज्या घरांतली तान्ही मुलं गेली त्यांच्या आयांची नावं आणि गावं. कारणाच्या जागी त्यांच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'वजन सांगायचे राहिले आहे.'

मी म्हणालो, "मामा, याला रजा कशाला? हे कामच आहे. ऑन ड्यूटी जा."

"न्हाई भाऊसाहेब. ड्यूटीवर असताना खोटं बोललो. आता ह्ये माझ्या टायमात."

वर्षानुवर्षं दोन्ही आकडे मला ठाऊक होते. बोललेला आणि लिहिलेला. त्यातून मी फक्त करमणूक काढली. तोललेलं मूल पुढं जगलंच नाही तर घरात कुठला आकडा मागं राहील, हे माझ्या कारकुनी डोक्यात कधी आलं नाही.

अर्ज साहेबांकडे पाठवायला मी सही केली. मग दुसरा कोरा कागद घेतला आणि त्याच तारखांच्या स्वतःच्या रजेचा अर्ज लिहायला बसलो.