साकवाच्या बदल्यात दिलासा

ओढ्यावरचा साकव पुन्हा उभा राहिला असता, तर रायबाचा फायदा सरळ होता. दूध नासायच्या आत पोलादपुरात पोचलं असतं, हॉटेलवाल्याची कुरकुर थांबली असती आणि चिमाबाईनं नवऱ्याला शहाणा म्हटलं असतं. यातला शेवटचा लाभ लग्नापासून थकलेला होता.

आषाढातल्या पुरात वाडीचा साकव वाहून गेला. पाणी उतरलं की ऐनाचे दोन वासे आडवे टाकायचे, ही वाडीची दरसालची रीत. पण यंदा पक्का साकव मागावा असं रायबाच्या मनात आलं आणि त्यानं तालुक्याला अर्ज केला. अर्जाची गंभीर दखल घेण्यात आली. बाधितांना प्रथम समक्ष भेटून दिलासा द्यावा, असं ठरलं आणि त्यासाठी पथक नेमलं गेलं.

पथक ओढ्यापाशी येऊन थांबलं. दिलासा अलीकडे, बाधित पलीकडे आणि मध्ये साकव नाही. शेवटी रायबानं साहेबांना पाठीवर घेतलं. ऐन धारेत, कमरेएवढ्या पाण्यात, साहेबांनी त्याच्या कानाशी आपुलकीनं विचारलं, "फार त्रास होतो का हो?"

"तुमी हलू नका सायेब, मंग नाय होत."

'त्रास सुसह्य,' अशी नोंद साहेबांनी तिथल्या तिथे, पाठीवरच केली.

मागाहून कारकून आला, फोटोवाला आला. पलीकडे सगळ्यांनी 'धीर धरा' म्हटलं, धारोष्ण दूध घेतलं, रायबाची सही घेतली आणि आले तसेच परत गेले, म्हणजे पाठीवरूनच. पुढच्या आठवड्यात दिलासा खरोखर पोचला का, हे तपासणारं पथक आलं. त्यानंतर दिलाशाचा दर्जा पाहणारं. त्यातले साहेब अंगानं भरलेले होते.

"आवो, दिलासा लय जड झालाय," पाठीला तेल चोळत चिमाबाई म्हणाली. "आता वासं टाका नि मोकळं व्हा."

रायबा विचारायला कचेरीत गेला. कारकून दचकलाच. "वासे? अहो, तुमचा त्रास तुम्हीच कमी केलात, तर आम्ही दिलासा कशाचा देणार? मार्चपर्यंतचं उद्दिष्ट आहे."

"मंग साकवाचं काय?"

"साकव आता कसा मिळेल? दिलासा मिळाल्याची तुमची सही आहे. एकाच दुःखावर दोन लाभ देता येत नाहीत."

रायबा घरी येऊन सांगू लागला. चिमाबाईनं निम्मं ऐकलं आणि कोयता घेऊन बाप्यांना हाळी दिली. संध्याकाळी वासे पडले. चौथ्या दिवशी त्याच वाशांवरून, पाय न भिजवता, कारकून नोटीस घेऊन आला: परवानगीविना स्वतःचा त्रास कमी केल्याबद्दल खुलासा करावा.

"दूध घेता का?" चिमाबाईनं विचारलं. त्यानं घेतलं.

तर एकूण हिशेब असा. साहेबांना भत्ता मिळाला, पथकांचं उद्दिष्ट निम्मं पूर्ण झालं, पेपरला पाठीवरच्या साहेबांचा फोटो मिळाला. महाडात चहा घेता घेता तो तुम्हीही पाहिलात. 'चला, कुणीतरी लक्ष घालतंय,' म्हणून तुम्हाला बरं वाटलं आणि तुम्ही पान उलटलंत. तो दिलासा तेवढा खरोखर पोचला. साहेबांच्या वजनात तुमचंही धरलं, तर ओढ्यातून रायबानं नेमकं किती जणांना नेलं, ते त्याची पाठच सांगू शकेल.