किटलीभर अनधिकृत पाणी

ज्या वर्षी आमच्या धाकटीचं ठरलेलं लग्न मोडलं आणि पंधरा दिवसांत त्याहून बऱ्या ठिकाणी जमलं, त्या वर्षी आमच्या गल्लीत जुलाबाची साथ आली. पिण्याच्या पाण्यात गटार मिसळलं होतं. यंत्रणा ताबडतोब हलली आणि कोपऱ्यावर पाटी लागली: 'स्वयंसेवक पाहिजेत.'

मी जन्मभर गवंडीकाम केलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी अक्षरं शिकलो. त्यामुळे पाटी दिसली की ती मोठ्याने वाचायची माझी खोड. वाचली, सगळी गल्ली माझ्याकडे बघू लागली, मग अर्ज भरणं आलंच. अकरा ठिकाणी सह्या ठोकल्या. बायकोला म्हटलं, "तूही भर."

"मला अंगठ्याशिवाय काय येतं? तुम्हीच व्हा मोठे," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी समोरच्या खोलीतला शिंपी आडवा झाला. एकटा जीव, पाणी द्यायला कोणी नाही. मी मीठ-साखरेच्या पाण्याची किटली घेऊन निघालो, तर त्याच्या दारावर पाटी: 'अधिकृत व्यक्तींखेरीज प्रवेश बंद.' पाटीशेजारी आरोग्य कार्यालयाच्या बाई उभ्या.

"नोंदणी झालीय?"

"झालीय की! अकरा सह्या."

"मग आत जाता येणार नाही. तुमचं प्रशिक्षण व्हायचंय."

"अहो बाई, वीस वर्षं मी या खोलीत न विचारता शिरतोय."

"तेव्हा तुम्ही शेजारी होतात. आता यंत्रणेचा भाग आहात."

"मग नाव काढून टाका माझं."

"नाव काढण्याचा अर्ज प्रशिक्षित स्वयंसेवकालाच करता येतो."

आतून शिंपी खोल गेलेल्या आवाजात ओरडला, "मिस्त्री, आधी पाणी पाजा! नियम मागाहून पाजा!"

मी पाटी पुन्हा एकदा वाचली. अक्षरं स्वच्छ होती. किटली घरी ठेवली आणि प्रशिक्षणाला गेलो.

पहिल्या दिवशी हात धुणे. साथीमुळे सभागृहाचा नळ बंद होता, म्हणून आम्ही चाळीस जणांनी कोरडेच हात चोळले. दुसऱ्या दिवशी रुग्णाला धीर देणे. रुग्ण म्हणून एक खुर्ची मांडली होती. तिला धीर देताना मला शिंपी दिसू लागला, मी खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला, आणि पैकीच्या पैकी गुण मिळाले. घरी आल्यावर मात्र शिंप्याचं नाव काढायची हिंमत होईना. आणि बायको तर घरात सापडतच नव्हती.

तिसऱ्या दिवशी जाकीट मिळालं. ते घालून मी शिंप्याचं दार ढकललं. शिंपी उशीला टेकून बसला होता आणि माझ्या बायकोशी भांडत होता.

"वहिनी, मीठ आवरा जरा. समुद्र पाजताय का?"

"तू आत कशी?" मी ओरडलो. "बाहेर पाटी आहे!"

"असेल," तिने किटली खाली ठेवली. "तीन दिवस येतेय. तुम्ही आल्यावर वाचून घ्यावी म्हटलं, पण तुम्ही कामात."

इतक्यात बाई तक्ता घेऊन आल्या आणि चिंतेत पडल्या. तक्त्यात दोनच रकाने होते: 'स्वयंसेवकाच्या मदतीने बरा' आणि 'मृत'.

"वहिनींची तर नोंदणीच नाही," बाई म्हणाल्या. "कुठे टाकू यांना?"

"पहिल्यात टाका हो," शिंपी कळवळून म्हणाला. "दुसऱ्यात मला करमणार नाही."

अशा रीतीने मी शिंप्याचा जीव वाचवला. कार्यालयाने माझा सत्कार केला. मी नको म्हणालो नाही. मानपत्र चौकट करून भिंतीवर लावलं. त्यावरची धूळ बायको रोज पुसायची.

तुम्हाला वाचता येतं, हे तुम्ही इथवर आलात त्यावरून उघडच आहे. म्हणून मला तुमच्या शेजाऱ्यांची काळजी वाटते.

शिंपी त्यानंतर नऊ वर्षांनी, चांगला म्हातारा होऊन वारला. बायको गेल्या वर्षी जानेवारीत गेली. शेवटपर्यंत अंगठाच उठवत होती.