दोन फुटी अक्षर

आमच्या नगरपरिषदेनं बाजाराला शिस्त लावायचं ठरवलं आणि सुरुवात अक्षरांपासून केली. माणसांपासून करणं फार वेळखाऊ. लातूरच्या सल्लागारांनी कंपास आणि पट्टी घेऊन नवं अक्षरवळण काढलं: जाडजूड, गोल तिथं गोल, सरळ तिथं सरळ, वर शिरोरेषा नाही. "यात भावना नाही, भूमिती आहे," असं ते सभेत म्हणाले. टाळ्या पडल्या. मग नोटीस आली. ती जशीच्या तशी देते.

"सर्व दुकानदारांनी पंधरा दिवसांत नवे फलक लावावेत. प्रत्येक अक्षर दोन फूट रुंद असावे. शिरोरेषा अतिक्रमण समजण्यात येईल. कसूर केल्यास दुकान सील होईल. प्रस्तुत आदेश संदर्भाधीन नियम सात (ब) मधील तरतुदीस अधीन राहून हस्तरंजित विद्यमान फलकांस लागू राहणार नाही. प्रत माहितीस्तव: सर्व संबंधित."

आमची दुकानं सहा फुटी, म्हणजे तीन अक्षरं. माझं 'उमादेवी बांगडी भांडार' एका दिवसात 'उमादे' झालं. शेजारचा दातांचा दवाखाना नुसता 'दातांचा' उरला. 'शिवम खत भांडार'चं 'शिवम' तेवढं मावलं. दोन बायका चपला काढून नारळ घेऊन आत गेल्या. सगळ्या पाट्या सारख्याच दिसायच्या. भोकरच्या एका पाहुण्यानं माझ्यासमोर बसून आ केला. मी त्याला बांगड्या दाखवल्या.

जुनी पाटी एकच राहिली, 'साबेरा लेडीज टेलर'. साबेराभाभीच्या नवऱ्याच्या, मरहूम रियाज पेंटरच्या हातची. तिच्यातल्या शेवटच्या 'र'चं शेपूट सुईदोऱ्यात जाऊन संपायचं. तसं बाजारातल्या सगळ्याच पाट्या त्यानं रंगवलेल्या. आम्ही त्या उतरवल्या. भाभीनं उतरवली नाही.

सोळाव्या दिवशी निरीक्षक शिवप्रसाद लाख-मेणबत्ती घेऊन हजर.

"भाभी, पाटी काढा. न्हाईतर दुकान सील करावं लागंल."

भाभी ब्लाउजला काज करत होती. मान वर न करता म्हणाली, "साहेब, नोटीस वाचली का?"

"मीच वाटली की!"

"वाटली ते बघितलं. वाचली का?"

तिनं आपला चष्मा त्यांच्या हातात दिला आणि तळाच्या बारीक ओळीवर सुई टेकवली. "हातानं रंगवलेल्या जुन्या पाट्यांना हे लागू न्हाई, असं लिवलंय. आमाला बारीक बघायची सवय हाय."

शिवप्रसादांनी दोनदा वाचलं आणि स्टुलावर बसले. "मग एवढं बारीक कशाला छापलं?"

"जाड अक्षरात बसलं नसंल."

साहेबांनी लाख खिशात टाकली. आलेच आहेत तर शर्टाचं तुटलेलं बटणही लावून घेतलं.

आता अख्खा बाजार पत्ता सांगतो तो भाभीच्या पाटीवरून. मी म्हणजे तिच्यापासून तिसरी. माझी रियाजच्या हातची पाटी सापडली. पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून उताणी पडली होती. रागानं भाभीकडे गेले.

"आधी सांगायचं न्हाई का, भाभी?"

"उमाताई, मला वाटलं तुमी वाचूनच उतरवली."

हसू नका. नोटीस मी तुम्हालाही अख्खी वाचायला दिली होती.