उजव्या सोंडेची गाडी

स्वतःची गाडी बंद पडली म्हणून पेढे वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. शांताराम म्हात्रे. बदलापूरच्या आमच्या सोसायटीत तो तळमजल्यावर राहायचा आणि मी बरोबर त्याच्या डोक्यावर. हा पेढ्यांचा किस्सा मी लग्नकार्यांत, कट्ट्यावर, जिथे चार माणसं जमतील तिथे रंगवून सांगत आलो. त्याच्या आधी जे घडलं ते मात्र दर वेळी गाळत आलो. आता शांताराम नाही, आणि मला गाळण्याचा कंटाळा आला आहे.

शांताराम इथलाच, आगरी. त्याच्या बापाच्या भाताच्या खाचरावरच आमची सोसायटी उभी राहिली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी फार आवाज चढवला की तो पायाने फरशी ठोकून म्हणायचा, "आवाज नाय. हिकडं खाली माझा भात हाय." बायको लवकर गेली होती, मुलगी पनवेलला सासरी. घरात तो आणि दारात त्याची जुनी पांढरी डिझेल एसयूव्ही. कुणाच्या वडिलांना दवाखान्यात न्यायचंय, कुणाच्या मुलीची परीक्षा आहे, कुणाकडे रुखवत हलवायचंय, शांताराम किल्ली फिरवत हजर. "रिकामी गाडी म्हंजे पत्र्याचा डबा," असं तो म्हणायचा.

गाडी सुरू केली की तो आधी बॉनेटला कान लावायचा, डॉक्टर छातीला लावतो तसा. त्याचं सगळं शास्त्र नाकावर उभं होतं. "गाडी डिझेलवर चालते असा लोकांना वाटते. डिझेल म्हंजे निस्ता जेवन. जेवल्याबिगर चार दिस काढशील, सावंत. श्वासाबिगर काढ बघू." माझ्या बायकोला, कुंदाला, दमा. शांतारामने तिला एकदा गंभीरपणे सांगितलं होतं, "वैनी, तुमचा न हिचा आजार एकच." कुंदाला ते भारी आवडलं होतं. तेव्हापासून ती पंप ओढताना म्हणायची, "माझं एअर फिल्टर बदला आता."

तर ती सकाळ. उल्हास नदी पात्र सोडून रस्त्यावर आलेली, वीज गेलेली, त्यामुळे वाफेचं मशीन बंद, आणि कुंदाची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. शांताराम न बोलावता आला. अंबरनाथच्या दवाखान्याकडे निघालो, तर रस्त्यात सखल भागात पाणी तुंबलं होतं. त्याने काठावर ब्रेक लावला.

"सावंत, हिचा नाक बोनेटात खाली हाय. पानी पिईल. मागून वळसा घेतो."

"वळशाला वेळ नाही. घाल पाण्यात."

"ऐक माझा—"

"गाडी मोठी का माणूस मोठं? घाल म्हणतो ना."

त्याने एकदा मागे कुंदाकडे पाहिलं आणि घातली. अर्ध्यावर गेलो असू. पोटात लाथ बसावी तसा हिसका बसला आणि गाडी गप्प झाली. मागून आलेल्या डंपरवाल्याने कुंदाला उचलून वर घेतलं, म्हणून ती वाचली. इंजिन नाही वाचलं. पाणी आत शिरून आतले दांडे वाकले होते.

संध्याकाळी सोसायटीच्या गेटवर सगळे जमले. कुंदा बरी आहे म्हटल्यावर कुणीतरी विचारलं, "पण गाडी पाण्यात घातलीच कशाला?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी सांगत होतो म्हात्रेला, नको घालू. ऐकतोय कोण."

शांताराम माझ्या मागेच उभा होता, ओली पँट पिळत. मी वळून पाहिलं. तो लोकांना एवढंच म्हणाला, "गाडीचा नाक खाली व्हता."

त्यानंतर त्याच्या गाडीत कुणी बसेना. कुणी वाईट बोललं नाही. "रिक्षा सांगितली आहे हो," एवढंच. इंजिन दुरुस्त होऊन आलं, त्याने नवीन सीट कव्हरं घातली, रोज सकाळी गाडी धुतली आणि तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसला. कुंदा मागच्या सीटवर होती, तिला सगळं माहीत होतं. ती मला म्हणाली, "मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचंय." मी म्हणालो, सांगतो.

पुढच्या पावसाळ्याआधी त्याने मला हाक मारली. "उल्हासनगरला चल. हिचा नाक वर घ्यायचाय. तूच व्हतास ना तवा." त्यात टोमणा होता का, हे मी अजून शोधतो आहे. त्याच्या चेहऱ्यावर तरी नव्हता.

गाडीचं सामान विकणाऱ्या गोपी शेठने एक लांबलचक काळा पाइप काढला. बॉनेटमधून निघून मडगार्डातून बाहेर यायचा, काचेच्या कडेने चढत टपापर्यंत जायचा आणि तिथून हवा ओढायचा. गोपी शेठ म्हणाला, "क्या साईं, लडाख जा रहे हो?"

"नाय," शांताराम म्हणाला. "अंबरनाथ."

मडगार्डाला भोक पाडायला ड्रिल लावलं तेव्हा शांतारामने तोंड फिरवलं आणि माझं मनगट घट्ट धरलं. पोरीचे कान टोचताना बाप धरतो तसं. पाइप बसला, गाडी सुरू झाली. शांतारामने टपापाशी हात नेऊन पाइपाच्या तोंडावर तळवा दाबला. गाडी चालूच राहिली. गोपी शेठ खूश. "देखो, मस्त चालू है."

शांतारामचा चेहरा पडला. "बंद पडाया पायजे."

मग त्याने समजावलं. नाक दाबलं तरी गाडी जिवंत आहे, म्हणजे ती दुसऱ्या कुठल्या तरी भोकातून श्वास घेते आहे. आज हवा घेते, उद्या तिथूनच पाणी घेईल. त्याने सगळं पुन्हा उघडायला लावलं. एका रबरी जोडाला फट निघाली. नवी पट्टी आवळली, वरून चिकट मसाला भरला. पुन्हा तळवा. गाडी थरथरली, गुदमरली आणि मेली.

"मेली," शांताराम म्हणाला. डोळे भरून आले होते. "सावंत, मेली रं." तो तडक शेजारच्या मिठाईवाल्याकडे गेला. हातात पेढा आल्यावर गोपी शेठने मला हळूच विचारलं, "बेटा हुआ क्या?"

सोसायटीत हसं झालं. पाइप गाडीच्या उजव्या बाजूला होता, आणि मी, आगाऊपणाने, म्हणालो, "म्हात्रे, उजव्या सोंडेचा आहे. कडक असतो. सोवळं पाळावं लागेल." लोक हसले. शांताराम हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून गाडीत मासळी बंद. आगरी माणूस, पण सुकट आणायला रिक्षाने जायचा. त्याची बहीण बोंबील घेऊन आली तेव्हा स्टेशनवरून बहीण गाडीत आणि बोंबलांची पिशवी पुढे रिक्षात, एकटी, अशी वरात आली. "म्हात्र्याचं नाक फार वर झालंय," असं कुणी म्हटलं की तो खूश व्हायचा. "व्हय. तेच केला."

त्याच पावसाळ्यात पुन्हा पाणी चढलं आणि कुंदाला पुन्हा धाप लागली. मी खाली धावलो तर गाडी सुरू होती, तोंड गेटकडे. तेव्हा लक्षात आलं की पाऊस लागल्यापासून ती रोज गेटकडे तोंड करूनच उभी असायची.

त्याच सखल जागी, त्याच काठावर त्याने ब्रेक लावला. माझ्याकडे न बघता विचारलं, "सावंत, घालू?"

मी मागे कुंदाकडे पाहिलं. मागून कुंदा धापा टाकत म्हणाली, "घाला, भाऊजी."

पाणी दिव्यांवर आलं, मग बॉनेटवर. काचेसमोर नुसतं तपकिरी पाणी होतं. आणि डोक्यावर, टपापाशी, ती सोंड सूं सूं करत एकसारखा श्वास घेत होती. मी देवळात इतका गप्प कधी बसलो नव्हतो. शांतारामचे ओठ हलत होते. मला वाटलं, स्तोत्र म्हणतोय. तो म्हणत होता, "घे. घे, बाय. घे."

परत आलो तेव्हा गेटवर तेच लोक होते. "एवढ्या पाण्यातून काढलीत?" कुणीतरी म्हणालं. शांतारामने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सावंत बोलला घाल, म्हनून घातली."

आधीच्या वर्षी हे एक वाक्य त्याला सोडवू शकलं असतं. तेव्हा त्याने ते गिळलं, आणि आता माझ्या कौतुकासाठी खर्च केलं. लोक माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी हसलो.

हळूहळू लोक पुन्हा त्याच्या गाडीत बसू लागले. पण दर वर्षी पावसाआधीच्या परीक्षेला तो मलाच बोलवायचा. तो आत बसून गाडी सुरू करायचा, मी पायरीवर चढून सोंडेवर तळवा ठेवायचो. त्याच्या शेवटच्या वर्षीही ठेवला. हवा तळव्याला ओढत होती, लहान मूल बोट ओढतं तशी. गाडी गुदमरली, मेली. आवारात एकदम शांतता झाली. याहून बरी वेळ येणार नव्हती. मी म्हणालो, "शांताराम, त्या दिवशी पाण्यात घाल असं मीच—"

"हात काढ आधी," तो आतून म्हणाला. "तिला श्वास घेऊ दे."

मी हात काढला. त्याने किल्ली फिरवली, गाडी सुरू झाली, आणि तो उतरून बॉनेटला कान लावायला पुढे गेला.