तोडवी बोली भिडेपायीं बुडाली त्याची हकीकत

श्री वागीश्वरी प्रसन्न. जी मुखोमुखीं फिरते आणि कोणाच्याच घरीं कायमची राहत नाहीं, त्या वाचेस नमन करून हकीकत लिहिली जाते ती ऐसी. शके सोळाशें ऐशी, बहुधान्य नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं, एका राज्यांत (राज्याचें नांव पुसूं नये, राज्यें बहुत आणि तऱ्हा एकच) महाराजांस खबर आली कीं शेजारचे राजियानें आपले रानांतील पांच बोलींचीं व्याकरणें करवून घेतलीं, आणि त्या दिवसापासून महाराजांस अन्न गोड लागेना, मग दरबार भरवून पुसिलें कीं आपले रानांत बोली किती, तेव्हां कारभारी हात जोडून बोलिले कीं पांच तर आहेतच, परंतु पठारावर तोडवे म्हणून लोक होते, त्यांची धरून सहा भरतील, आणि महाराजांनीं संतुष्ट होऊन दरबारचे पंडित नागेशशास्त्री यांस वस्त्रें दिलीं, व्याकरण जाहल्यास एक गांव इनाम देऊं ऐसें वचन दिलें आणि पठारीं रवाना केलें.

आतां तोडवी बोलीचें काय जाहलें तें ऐकावें. तीस कोणी मारिली नाहीं. फौज चालून आली नाहीं, दुष्काळ पडला नाहीं. तोडव्यांची रीत ऐसी कीं परका माणूस घरीं आला तर त्याचे देखत त्याचीच बोली बोलावी, पाहुण्यास बोलण्याबाहेर बसविणें म्हणजे त्यास उपाशी बसविणें. मग नदीकांठचे बारंगे लोक मीठ घेऊन पठारीं येऊं लागले आणि तोडवे त्यांचेशीं बारंगी बोलूं लागले, आणि मग सोयरिकी जाहल्या आणि बारंग्यांच्या लेकी सुना होऊन आल्या, आणि एका सुनेस परकें वाटूं नये म्हणून सासऱ्यापासून धाकट्या दिरापर्यंत सगळें घर बारंगी बोलूं लागलें, आणि सुनेस लेकरूं जाहलें तें आईच्या बोलींत रडूं लागलें, मग त्याच्याशींही तीच. तोडवी राहिली ती सून पाण्यास गेल्यावर बोलण्यापुरती, आणि मग तितकीही राहिली नाहीं. बारंग्यांचे बोलींत तोडव्यांचे चार शब्द गेले, मधाचे आणि पांखरांचे, बाकी त्यांस कोणी शिकूंच दिलें नाहीं. भीड मोठी वाईट चीज.

या लोकांत झेलाई म्हणून एक म्हातारी उरली होती. सून गुणाची, नातवंडें लाघवी, पानांत ऊन भाकर, आणि झेलाई एकटी. नवरा होता तोंवर दोघें शेतांत जाऊन तोडवी बोलत, तो गेला त्या दिवशीं ती रडली आणि लोक म्हणाले नवऱ्यासाठीं रडते, तें खरेंच, परंतु अर्धें रडणें बोलीसाठीं होतें हें कोणास सांगावें आणि कोणत्या बोलींत सांगावें? एकटीनें जात्याशीं बोलून पाहावें तर शब्द निघे आणि उत्तर नसे, मग तिचें तिलाच भय वाटे. मरण्याआधीं एकवार कोणी आपल्या बोलींत उलट उत्तर द्यावें, इतकीच तिची वासना होती.

शास्त्री पठारीं पोहोंचले आणि अंगणांत बसून म्हणाले, "बोला माय, तुमच्या बोलींत बोला." झेलाईनें तोंड उघडिलें तों शास्त्रियांचीच बोली बाहेर आली. "बोलते की शास्त्रीबुवा. आधी दूध घ्या." पुन्हां विनविलें, पुन्हां तेंच. जन्माची संवय, ती पाहुण्यासमोर मोडेना. शास्त्री डोकें धरून बसले, तेव्हां सून म्हणाली कीं आत्याबाईंच्या माहेरच्या शेजारचा तोडवा रुंजाबाबा अजून हाय, घरजावई होऊन नदीकांठी गेला, त्याला आणा. शास्त्रियांनीं सरकारी डोली पाठविली. इकडे झेलाईनें अंगण सारविलें, मध काढून ठेविला आणि पहिला शब्द कोणता बोलावा याचाच विचार करीत राहिली.

डोली आली. रुंजा उतरला तो बारंग्यांचें पागोटें बांधून, बारंग्यांसारखी काठी टेकीत. शास्त्री भिंतीआड लेखणी घेऊन बसले. झेलाईनें पागोटें पाहिलें, आणि नदीकांठचा पाहुणा पाहून तोंडांतून आपसूक बारंगी निघाली. "या. वाटंत तरास न्हाई ना झाला?"

रुंजाही बारंगींतच म्हणाला, "न्हाई. डोली हुती."

मग धुकें किती पडतें, गुडघे किती दुखतात, नाचणी कशी आली, ऐसें बोलणें जाहलें, आणि तो जेवला आणि डोलींत बसून गेला, शास्त्री त्यास पोहोंचवावयास बरोबर गेले. झेलाई त्याचें उष्टें पान पुढें घेऊन बसली. गड्याची बोली गेली, आतां आपण बोललों असतों तर बापड्यास लाज वाटली असती, बरें जाहलें न बोललों, ऐसें मनास समजावीत होती आणि पदर भिजत होता.

तों डोली माघारी आली. पुढें शास्त्री धांपा टाकीत. "अहो माय, उताराला हे रडूं लागले! यांची बोली शाबूत आहे. तुमचीच गेली ऐसें यांस वाटलें, तुम्हांस लाज वाटूं नये म्हणून हे बारंगींतच बोलले!"

दोघांनीं एकमेकांकडे पाहिलें, ओंठ हलले, आणि दोघेंही शास्त्रियांकडे वळून शास्त्रियांच्याच बोलींत म्हणालीं, "बसा ना शास्त्रीबुवा, उभे का?"

तेव्हां शास्त्रियांस उमगलें कीं आपण येथें आहों तोंवर ही बोली निघणें नाहीं, आणि आपण नसलों तर व्याकरण होणें नाहीं. इनामाचें गांव डोळ्यांपुढें आलें. मग लेखणी कानास लाविली, सून, मुलगा, नातवंडें, भोई सगळे गोळा केले आणि ओढ्यापलीकडे, आवाज पोहोंचणार नाहीं इतके दूर नेऊन बसविले. तेथून दिसलें इतकेंच कीं म्हातारीचे हात हलूं लागले, मग म्हाताऱ्याची काठी उठली, आणि ऊन कलेपर्यंत दोघें बसलीं नाहींत. काय बोलिलीं तें लिहिणारास ठाऊक नाहीं.

रुंजा गेल्यावर शास्त्रियांनीं पुसिलें, "काय बोललांत, माय?"

"भांडलो," झेलाई म्हणाली. तिचा चेहरा नव्या नवरीसारखा दिसत होता. "त्याच्या बापानं आमच्या कड्यावरचं मधाचं पोळं काढलं होतं. मी म्हटलं काढलं, तो म्हणाला नाही. दुसऱ्याच्या बोलीत गोड बोलता येतं, शास्त्रीबुवा. भांडायला आपलीच लागते."

"मग निकाल काय लागला?"

"निकाल कशाला लावू? फिरून यायला नको त्यानं?"

तो आला नाहीं. फाल्गुनांत नदीकांठीं वारला. शास्त्रियांनीं हुजूर जाऊन अर्ज केला कीं बोली आहे, परंतु परक्यासमोर येत नाहीं, मग महाराजांनीं वस्त्रें काढून घेतलीं आणि दप्तरीं पांच बोली लिहविल्या.

तात्पर्य, येणेंप्रमाणें तोडवी बोली बुडाली. झेलाई पुढें बहुत वर्षें जगली, आल्या-गेल्याशीं त्याच्या त्याच्या बोलींत गोड बोलत राहिली, आणि तिच्याशीं पुन्हां कोणी भांडलें नाहीं.