भालेरावकाका आणि स्टीलची निगा

आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा भालेरावकाकांनी श्रीखंडाच्या आधी खोडरबर मागितलं.

आम्ही वारज्याला नुकतेच राहायला आलो होतो. काका खालच्या मजल्यावर एकटेच राहायचे, म्हणून बोलावलं. मुलीने दप्तरातून खोडरबर आणून दिलं. काकांनी वाढायच्या डावावरचा एक तपकिरी ठिपका घासला, चष्मा कपाळावर चढवून निरखला आणि निकाल दिला, "गेला. म्हणजे डाग होता. खाली खड्डा दिसला असता तर गंज. आता वाढा."

काकांनी पस्तीस वर्षं एका इस्पितळात ऑपरेशनची उपकरणं धुतली, तपासली, निर्जंतुक केली. उपकरणांना हत्यारं म्हटलेलं त्यांना खपत नाही. "हत्यारं गुंडांकडे असतात." निवृत्त झाल्यावर तिथले कात्र्या-चिमटे तिथेच राहिले आणि काकांची देखरेख आमच्या सोसायटीच्या वाट्याला आली.

"सांधा उघडा!" हे त्यांचं पालुपद. माझी बायको सुनंदा सांडशी मिटून विसळत होती, तर काका दारातूनच ओरडले, "अगं, मिटलेल्या सांध्यात काय अडकलंय ते पाण्याला कसं कळणार?" तारेची घासणी दिसली की मेलेला उंदीर धरावा तशी दोन बोटांत धरून कचऱ्यात टाकतात. माझ्याकडून सोमवारी नेलेलं नेलकटर बुधवारी परत आलं. सांध्यावर तेलाचा एक थेंब, स्वच्छ कापडात गुंडाळलेलं आणि वर धुतल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी!

सलूनवाल्यालाही त्यांनी सोडलं नाही. तो वैतागून म्हणाला, "काका, आज केस कापू की कात्रीची तब्येत बघू?"

"आधी कात्री. केस काय, परत येतात."

"तुमचे नाही आले," सलूनवाला म्हणाला. यावर काका इतके खूश झाले की पुढचा आठवडाभर हे स्वतःच सगळ्यांना सांगत होते.

गेल्या वर्षी सुनंदाच्या पित्ताशयातले खडे काढायचे ठरले. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी काका न बोलावता इस्पितळात हजर. इस्त्रीचा शर्ट, हातात चहाचा थर्मास. तिला आत नेलं आणि मी दारासमोर येरझाऱ्या घालायला लागलो. काका म्हणाले, "बसा. मी येतो." आणि उपकरणं धुतात त्या खोलीकडे चालू लागले.

दहा मिनिटांत परत आले. "आत घेतलं नाही मला."

"मग?"

"अहो, मग उत्तमच की! कुणालाही आत घेणारी खोली काय कामाची? काचेतून पाहिलं. पोरगी कामाची आहे. कात्रीचं एकेक पातं उजेडात धरून बघतेय. चहा घ्या."

मी चहा घेतला. त्या दिवशी मला धीर असा फक्त काकांनीच दिला.

दुपारी सुनंदाला खोलीत आणलं. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि पुटपुटली, "भूक लागलीय." मी हसलो. वळून पाहिलं, तर काका भिंतीला टेकून डोळे पुसत होते.

"काका, काय झालं?"

"काही नाही हो." चष्मा परत चढवून म्हणाले, "आमच्या खोलीत फक्त ट्रे यायचा. कसलं ऑपरेशन झालं ते ट्रे बघून कळायचं. माणसाचं पुढे काय झालं, ते आम्हाला कोण सांगणार? मग ड्यूटी संपली की वॉर्डाच्या दारातून डोकावायचो. कुणी उठून बसलेलं दिसलं की बरं वाटायचं. सिस्टर विचारायची, 'कोणाचे नातेवाईक?' की मी निघालो."

सुनंदा झोपेतच आहे असं मला वाटत होतं. ती डोळे मिटूनच म्हणाली, "काका, उद्या याल ना?"

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला फाटकावरच्या वॉचमनने काकांना अडवलं. पासावर नातं लिहायचं होतं. काका गोंधळून माझ्याकडे बघू लागले. मी त्यांच्या हातातून पेन घेतलं आणि लिहिलं, 'वडील'.

काकांनी ते वाचलं. पास शर्टाच्या खिशाला लावला, अक्षरं बाहेरून दिसतील असा, आणि माझ्या पुढे जिना चढू लागले.